डब्याआधी

पहाटे पाचला मी कालवं उघडायला जाते.
सुरी बिजागरीत घालायची, मनगट वळवायचं,
आत जे थरथरतं त्याच्याकडे फार वेळ बघायचं नाही.
ब्लफच्या धक्क्यावर वारा दक्षिणेकडून येतो;
त्याच्या आणि बर्फाच्या मध्ये कुणाचं घर नाही.

फिनिआसी उठतो तेव्हा मी घरात नसते.
माझ्या भावाचा थोरला. चौदा पुरी.
हापाईच्या बेटावरून फेब्रुवारीत आला,
चटईची एक गुंडाळी, बापाचं स्तोत्रांचं पुस्तक
आणि पायांना आखूड झालेले बूट घेऊन.
शाळेने पहिल्याच दिवशी त्याचं नाव कापून फिन केलं.
फिन म्हणजे माशाचा पर.
चालतं, आत्या, म्हणाला.
हा शब्द तो इथे येऊन शिकला;
दाराला आतून कडी घालावी तसा वापरतो.

मार्चमध्ये डबा भरलेला परत येऊ लागला.
अळकुड्या तशाच, मांसाचा तुकडा तसाच,
वर गारठलेल्या तुपाचा पांढरा पापुद्रा.
विचारलं. चालतं.
पुन्हा विचारलं, तर भिंतीकडे बघत:
मी डोळे मिटले की हसतात.

आमच्याकडे घासाआधीची प्रार्थना
शेजारच्या घरात ऐकू जाईल अशी म्हणतात.
माझा बाप तर इतकी लांबवायचा
की तळलेला मासा लाकूड व्हायचा.
तिथे ते सोपं होतं. सगळेच म्हणत.

बापाची बहीण म्हणजे आमच्यात सगळ्यांत वरचा मान.
मी सांगेन ते हा पोरगा ऐकणार,
आणि मला तेच नको होतं त्या संध्याकाळी.
म्हणाले, हात मेजाखाली जोड. डोळे उघडे ठेव.
देवाला काय, मेजाखालचंही दिसतं.
बरं, म्हणाला.
मागच्या आवारात शेजाऱ्यांचा कोंबडा आरवला.
तो मेला वेळी-अवेळी ओरडतच असतो,
तरी माझ्या हातातली कपबशी वाजली.

रात्री गुडघ्यांवर बसले ती बसूनच राहिले.
प्रभू, मी त्याला तुला जपायला शिकवलं
की लपवायला?
उत्तर आलं नाही. फ्रीज गुणगुणत होता.
हात तीनदा धुतले होते,
बोटांना समुद्राचा वास होताच.

मग एका गुरुवारी डबा रिकामा.
मी काही विचारलं नाही.
बटाटे सोलता सोलता तोच बोलला:
हात मेजाखालीच होते, पण आमेन निघून गेलं तोंडून.
मोठ्यानं. सवयीनं.
समोरचा एक, लाल केसांचा,
म्हाताऱ्या पाद्र्याचा आवाज काढून म्हणाला, आऽऽमेन.
सगळे खिदळले.
दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाला. मग रोजच.
आता माझं संपेपर्यंत पावाला हात लावत नाही, थांबतो.
आज आला नव्हता.

मग?

मग काय. थोडी वाट पाहिली.
कुणीच म्हणालं नाही.
मग जेवलो.

सालीची एक लांब पट्टी न तुटता खाली उतरली,
त्याने ती मला दाखवली.
त्या मुलाचं नाव विचारलं, तर ठाऊक नव्हतं.

पहाटे शेडमध्ये, पहिलं कालव फोडण्याआधी
मी मोज्यांतले हात बाकाखाली नेले
आणि नाव नसलेल्या त्या पोरासाठी मागितलं:
ताप असेल तर उतरू दे.
घरात काही बिनसलं असेल, तर ते.
चेष्टा कुठे संपते आणि आमेन कुठे सुरू होतं,
ते तुझं तू बघ, मला मोजता येत नाही.

डुलकी लागली की काय, पलीकडून ट्रूडी ओरडली.
नाही, म्हटलं. एक काम होतं.
आणि राहिलेलं आमेन
सुरीच्या खटक्यासरशी म्हणून टाकलं,
तिला ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.